पुस्तक छापून देतो म्हणाले आणि ८७,९३० रुपये घेऊन गेले

नावं सांगत नाही. माझं नाही, पुस्तकाचं नाही, कंपनीचंही नाही. वकिलांनी तंबी दिलीय. आकडे मात्र सगळे सांगते. पॅकेज ३८,५००. त्यावर अठरा टक्के जीएसटी ६,९३०. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि कॉपीराइट मिळून ६,५००. शासकीय ग्रंथखरेदीच्या यादीत नाव लावायचे १५,०००. प्रकाशन समारंभ आणि ‘राज्यस्तरीय’ पुरस्कार २१,०००. एकूण ८७,९३०. आणि मी गणिताची शिक्षिका आहे. हसा.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुणे-नाशिक महामार्गावर एका गाडीनं माझ्या स्कूटीला उडवलं. चालवणारा मुलगा फोनमध्ये बघत होता. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड बसला, अकरा महिने आधी पलंग, मग वॉकर, मग काठी. पडल्या पडल्या दोन फुलस्केप वह्या भरल्या. त्यात एक हिशोब होता, तो मला फार प्रिय. ताशी ६० किलोमीटर वेगानं जाताना माणसानं तीन सेकंद फोनकडे पाहिलं, तर गाडी तेवढ्या वेळात ५० मीटर जाते. डोळे मिटून ५० मीटर. वर्गात सांगितलं की पोरं गप्प होतात. हे पुस्तक व्हावं असं वाटलं, यात माझं काय चुकलं? दोन नामवंत प्रकाशकांना पाठवलं होतं. एकाचं उत्तर नाही, दुसऱ्याचं दोन ओळींचं.

मग फोनवर जाहिरात आली. संघर्षकथा पाहिजेत, आम्ही छापतो, वगैरे. फॉर्म भरला आणि वीस मिनिटांत फोन. हे म्हणाले, “आधी आपल्या प्रेसवाल्याला विचार ना.” मी म्हटलं, तो लग्नपत्रिका छापतो. (याच प्रेसवाल्यानं नंतर सांगितलं की डेमी साइजमध्ये १४४ पानं म्हणजे सोळा-सोळा पानांचे नऊ फर्मे, साध्या मॅपलिथो कागदावर तीनशे प्रती तीस हजारांच्या आत झाल्या असत्या. हे तेव्हा शेजारीच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.)

आता तो दिवस. करार करायचा होता. ‘संपादक’ म्हणवणाऱ्या साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. चित्र सारखं हलत होतं. मला दिसत होता सीटबेल्ट, बाजूच्या काचेतून मागे पळणारी झाडं, आणि अर्धा चेहरा. माणूस एका हातात फोन धरून गाडी चालवत होता आणि माझ्याशी माझ्या पुस्तकाबद्दल बोलत होता. म्हणाला, “मॅडम, तुमचं ते कॅन्सरचं प्रकरण वाचून डोळ्यांत पाणी आलं.”

माझ्या पुस्तकात कॅन्सर नाही. कुठेच नाही.

हातात मोबाइल धरून गाडी चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे धोकादायक वाहन चालवणं ठरतं, हे मी स्वतः सातव्या प्रकरणात लिहिलंय. आणि त्या वेळी मी काय म्हणाले? “सर, सावकाश चालवा हं.” मनात म्हटलं, बिचारा किती कामात आहे, तरी आपल्यासाठी वेळ काढतोय. कॅन्सरचं म्हणाल तर वाटलं, दहा हस्तलिखितं वाचत असेल, गल्लत होते. समोरच्यानं पुस्तकाचं एक पान वाचलेलं नाही हे ढळढळीत दिसत असताना मी त्याची वकिली करत बसले. त्यानं मागितला तसा ओटीपी दिला आणि चौदा पानी इंग्रजी करारावर माझी सही झाली. दहा वर्षांचे हक्क गेले, हे नंतर कळलं. करार न वाचता ओटीपी देऊ नका. इंग्रजी जड जात असेल तर मराठीत मागा, नाही म्हणाले तर फोन ठेवा.

आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखकालाही करता येतो. माझ्या मलपृष्ठावरचा तेरा आकडी नंबर मी नंतर तपासला. आकड्यांना आळीपाळीनं एक आणि तीननं गुणून बेरीज करायची, तिला दहानं भाग गेला पाहिजे. माझी बेरीज ११७. नंबर चक्क मनानं ठोकलेला. कॉपीराइटचं तेच. तो लिहिल्याक्षणी आपलाच असतो, नोंदणी ऐच्छिक, आणि साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये. शिवाय अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावंच लागतं. मला सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट चौथ्या दिवशी आलं होतं. मी ते फ्रेम केलं.

समारंभाबद्दल फार लिहीत नाही. बारा लेखक, बाराही जणांना एकच पुरस्कार, माझ्या ट्रॉफीवर आडनाव चुकलेलं.

पुस्तक उघडलं तर मुद्रितशोधन शून्य. माझ्या हिशोबात ‘५० मीटर’चं ‘५० किलोमीटर’ झालेलं. तीन सेकंदांत. तक्रार केली तर “पुढच्या आवृत्तीत बघू.” महिनाभरात फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी कधीच रद्द झालेली. हे तपासायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. पहिला हप्ता भरण्याआधी करा, माझ्यासारखं नंतर नको.

आता आपल्या यंत्रणेकडे येते. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, “पुस्तक मिळालं ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.” पाचशेऐवजी चाळीसच प्रती, बनावट नंबर, बनावट सर्टिफिकेट, तरी दिवाणी! वर सल्ला, कंपनी पुण्याची, पुण्याला जा. रॉडचा पाय घेऊन एसटीनं गेले. तिथले म्हणाले, पैसे तुमच्या गावाहून गेले, तिकडेच द्या. हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवता येतो, नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं, हे मी छापून नेलेल्या कागदावर दाखवलं. कागद वाचला, घडी घातली, परत दिला. “बाई, तुम्हीच वकिली करताय तर आम्ही कशाला?” तिसऱ्या खेपेला तक्रार अर्ज घेतला, पोच मागितली तर शिक्का सापडेना. पाऊण तास. टेबलावरच होता, चहाच्या ट्रेखाली.

ग्राहक आयोगात मात्र जा. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, दोन वर्षांच्या आत. माझी नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ म्हणून परत आली, पुढची तारीख अडीच महिन्यांनी. प्रत्येक पावती, प्रत्येक मेसेज जपा. कॉल रेकॉर्ड करा. मी व्हिडिओ कॉलचा एक फोटोसुद्धा काढला नाही, कारण गाडीत बसलेल्या माणसाकडे कौतुकानं बघत होते.

अर्ज घेणाऱ्या हवालदारांनी जाताना “पुरावा म्हणून” एक प्रत ठेवून घेतली होती. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मला वाटलं, चला, काहीतरी हललं.

“बाई, पुस्तक वाचलं. चांगलंय. पण ते तीन सेकंदांत पन्नास किलोमीटर कसं काय?”