एक ओबीएम, दोन बॅटऱ्या आणि मधला रिले

नवी मुंबईतल्या दिवाळे जेटीवरून निघणाऱ्या आमच्या फायबरच्या होडीवर एकाच ओबीएमच्या (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या) भरवशावर दोन बॅटऱ्या आहेत. एक फक्त सेल्फसाठी राखीव आहे, तर दुसरीवर फिश फाइंडर (मासे शोधणारे यंत्र), दिवे आणि होडीत साचलेले पाणी उपसणारा पंप चालतो. दोन्ही चार्ज व्हाव्यात म्हणून ब्लू सी सिस्टिम्सचा ७६१० क्रमांकाचा चार्जिंग रिले (बॅटऱ्या आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बसवला असून तो घेण्याजोगा आहे, असे माझे मत आहे. मात्र त्याच्याकडून नेमकी कशाची अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्यायला हवे.

ओबीएम चालू होऊन बॅटरीचा दाब १३.६ व्होल्टवर अर्धा मिनिट किंवा १३.० व्होल्टवर दीड मिनिट टिकला, की हा रिले दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडतो. इंजिन बंद झाल्यावर दाब १२.७५ व्होल्टपर्यंत उतरून अर्धा मिनिट तसाच राहिला, की तो त्यांना पुन्हा वेगळे करतो, त्यामुळे रात्रभर दिवे चालले तरी सकाळी सेल्फ मारण्यापुरती बॅटरी शाबूत राहते. सेल्फ मारतानाचा झटका फिश फाइंडरपर्यंत पोहोचू नये म्हणून त्या क्षणापुरते बॅटऱ्यांना वेगळे ठेवण्याचीही सोय यात आहे, पण त्यासाठीची बारीक तार स्टार्टरच्या सर्किटला जोडावी लागते आणि वायरमन नेमकी तीच मोकळी सोडतात.

रिलेऐवजी बॅटऱ्या जोडण्या-तोडण्यासाठी हाताने फिरवायचा स्विच स्वस्त पडतो, हे खरे. परंतु जाळे ओढण्याच्या गडबडीत तो फिरवायचे कोणाच्या लक्षात राहते? शिवाय इंजिन चालू असताना तो चुकून ‘ऑफ’वर गेला, तर ओबीएमचा रेक्टिफायर-रेग्युलेटर (इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणारा भाग) जळू शकतो. तिसरा पर्याय डायोडच्या आयसोलेटरचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देऊन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणाऱ्या भागाचा; पण त्यात सुमारे ०.७ व्होल्ट वाया जातात, आणि १४.४ व्होल्टच्या आसपास चार्ज होणाऱ्या साध्या ॲसिड बॅटरीला तेवढी घट कायम अर्धपोटी ठेवते.

रिले वीज तयार करत नाही, ती फक्त वाटतो, ही गोष्ट विकत घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. त्याची क्षमता १२० अँपिअर असली, तरी लहान ओबीएमचे चार्जिंग पुष्कळदा एक-आकडी अँपिअरमध्येच असते, आणि माहितीपत्रकातला आकडाही इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली असेल आणि ओबीएमकडून १० अँपिअर उरत असतील, तर ती भरायला हिशेबाने पाच तास लागतात. प्रत्यक्षात बॅटरी भरत आली की ती कमी प्रवाह घेऊ लागते, म्हणून वेळ त्याहून जास्तच जातो. ठाण्याच्या खाडीत चिखल आणि ओहोटी सांभाळत मंद गतीने फिरणाऱ्या होडीची दुसरी बॅटरी केवळ या रिलेमुळे पूर्ण भरणार नाही. घारापुरीच्या पलीकडे लांब पल्ला मारणाऱ्याला मात्र त्याचा पुरेपूर उपयोग होतो. रिले दोन्ही बाजूंचा दाब पाहतो, त्यामुळे किनाऱ्यावरचा चार्जर किंवा लहान सौर पॅनेल कोणत्याही एका बॅटरीला लावले तरी दुसरीलाही चार्ज मिळतो, आणि खाडीतल्या होडीची उणीव याच मार्गाने भरून निघते.

जोडणीत कसर करू नये. दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह एकत्र जोडावेत, रिलेकडे जाणाऱ्या तारेवर प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालावा आणि कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तारच वापरावी, कारण खाऱ्या हवेत साधी तार आतून काळी पडते. दुसरी बॅटरी लिथियमची घ्यायची असेल, तर हा रिले घेऊ नये: तिचा विसाव्याचा दाबच १३ व्होल्टच्या वर असल्याने तो वेळेवर सुटत नाही, आणि ती ओबीएमकडून झेपेल त्याहून अधिक प्रवाह ओढू पाहते. अशा वेळी प्रवाहाला मर्यादा घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर महाग असला, तरी तोच योग्य.