लाट की भरती? बडोद्यात बसून प्रोजेक्ट ठरवताना

भाची इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट समुद्राच्या विजेवर करायचा, हे तिचं पक्कं आहे. अडलंय ते लाटांवर करू की भरती-ओहोटीवर, इथे. तुमचंही तिथेच अडलं असेल, तर माझा कौल भरतीला.

परवा आम्ही दोघी जंबुसरजवळ कावी-कंबोईला स्तंभेश्वराला गेलो होतो. ओहोटीत पिंडीला हात लावून आलो आणि मग काठावर बसून ती पाण्याखाली जाताना पाहिली. लाट म्हणावी अशी नव्हतीच. दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी नुसतं चढत होतं.

खंबातच्या आखातात भरतीचा चढउतार ११ मीटरपर्यंत जातो. मोठ्या लाटा हव्यात तर द्वारका-पोरबंदरचा उघडा किनारा गाठावा लागतो.

ग्रिड सांभाळणाऱ्याला वीज किती यापेक्षा कधी, हे आधी कळावं लागतं. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. पुढच्या वर्षीचा तक्ता आजच काढता येतो. लाटेचा अंदाज काही दिवसांपुरताच. शिवाय दर लाटेगणिक वीज वरखाली होते, ती सपाट करायला वेगळी सोय लागते. लाटांची खरी जमेची बाजू पावसाळा: सोलर मंदावतो तेव्हाच अरबी समुद्र खवळतो. पण गुजरातच्या पवनचक्क्याही त्याच महिन्यांत जोरात असतात! त्यामुळे इथल्या ग्रिडला लाटांची भर वाटते तेवढी पडत नाही.

लाटेची ताकद उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढते. आठ सेकंदांची १ मीटर लाट मीटरभर रुंदीमागे सुमारे ४ किलोवॅट देते, ३ मीटरची ३५. यंत्र बांधायचं पावसाळ्याच्या माऱ्याला टिकेल असं, आणि हिवाळ्यात ते निम्मंअधिक रिकामं. केरळात विळिंजमला १९९१ साली १५० किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. स्पेनमधलं मुत्रिकू (२०११) २९६ किलोवॅटचं. भरतीवरचं फ्रान्सचं ला रान्स १९६६ पासून २४० मेगावॅटचं आहे.

भरतीचीही दुखणी आहेत. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरतीला, चढउतार निम्मा झाला, तर बंधाऱ्यात भरतीचं पाणी अडवून केलेली वीज पावपट होते. खंबातचा गाळ तर पाण्याच्या रंगातच दिसतो. सुंदरबनातला दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॅटचा प्रकल्प खर्चापायी सोडून द्यावा लागला. भाचीला मी म्हटलं, खंबातचा बंधारा, कालव्यावरचं सोलर आणि बॅटरी, तिन्ही एकत्र धर आणि भांगाच्या आठवड्याचा हिशेब आधी मांड. तिथेच बॅटरी सगळ्यात मोठी लागेल.