कोळशाची कांडी की शिसपेन्सिल?
बेळगावच्या किल्ल्यातील कमलबस्ती या जैन मंदिराचे रेखाटन करायला बसले की पहिला प्रश्न साधनाचा येतो. विलो किंवा द्राक्षवेलीच्या काटक्या हवा न लागू देता भाजून केलेला कोळसा कागदाच्या खरबरीत पृष्ठावर नुसता टेकून राहतो. म्हणून मंडपातील दाट सावली बोटाने पसरून क्षणात उभी करता येते, मात्र बाही घासली की तीच सावली पुसट होते. शिसपेन्सिलीतले शिसे फक्त नावात आहे: फ्रेंच संशोधक कोंते यांनी १७९५ मध्ये ग्राफाइटच्या भुकटीत चिकणमाती मिसळून भाजण्याची रीत रूढ केली, आणि माती जितकी जास्त तितकी रेघ कठीण व फिकट. छतातील कमळाच्या पाकळ्यांना तीच हवी. पेन्सिलीचा गडदपणा उजेडात चकाकतो, त्यामुळे गाभाऱ्याच्या काळोखासाठी मी कोळसाच घेतो.