सीझेडए डिस्क: काम चोख, छपाई फिकी

मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी रोज कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते बघणं) लावते. आयसीयूचे डॉक्टर सारखं विचारायला लागले म्हणून सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम या जोड-अँटिबायोटिकच्या डिस्क (औषध भरलेल्या चकत्या, कोड सीझेडए) मागवल्या. ३०/२० मायक्रोग्रॅम, कार्ट्रिजमध्ये ५०. दोन कार्ट्रिज संपवून मगच लिहितेय.

पहिल्याच आठवड्यात एका क्लेब्सिएला जंतूची वाढ थेट डिस्कच्या काठाला टेकलेली. झोन, म्हणजे डिस्कभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ, नावालाही नाही. माल खराब निघाला म्हणून कंपनीच्या माणसाला फोन लावणारच होते, तेवढ्यात त्याच दिवशीची ई. कोलाय २५९२२ या डिस्क तपासायच्या ठरावीक जंतूची कंट्रोल प्लेट पाहिली. झोन रेंजमध्ये, कडा सुरीने कापल्यासारखी. म्हणजे डिस्क शहाणी होती, जंतूच वस्ताद! पुढे कार्ड टेस्टमध्ये एनडीएम (जंतूचं अँटिबायोटिक तोडणारं एन्झाइम) निघाला. अॅव्हिबॅक्टम केपीसी, ऑक्सा-४८ सारखी एन्झाइम्स अडवतं. एनडीएमपुढे मात्र त्याची मात्रा चालत नाही. औषध २०१५ साली अमेरिकेत मंजूर झालं, पण आपल्याकडे एनडीएम इतका बोकाळलाय की अशा प्लेट्स बघायची सवय ठेवा.

आता तक्रार. डिस्कवरची अक्षरं फारच पुसट. साध्या सेफ्टाझिडिमचा कोड सीएझेड, हिचा सीझेडए. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चिमट्यात धरून वाचायचं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. एकदा मी दोन्हींची अदलाबदल केली; रिपोर्ट जाण्याआधी मॅडमच्या लक्षात आलं म्हणून निभावलं.

आणि २१ मिलिमीटरचा झोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. २१ पासून सेन्सिटिव्ह, २० पर्यंत रेझिस्टंट, अधलंमधलं काही नाही. म्हणून २० ते २२ मध्ये आलं की एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) करून घ्यायची, असं सीएलएसआय ही लॅबची मानकं ठरवणारी संस्थाही सांगते. आम्ही त्यासाठी स्ट्रिप लावतो. एक दिवस जादा जातो, वॉर्डातून फोनवर फोन येतात, येऊ देत.

कार्ट्रिज फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका. आत दव धरतं, डिस्क ओलसर होतात. मी आधी बाहेर ठेवते आणि तोवर ०.५ मॅकफारलंडचं (ठरावीक गढूळपणाचं) जंतूंचं सस्पेन्शन करून घेते.

पाचपैकी चार. एक तारा छपाईचा कापला. छपाई सुधारेपर्यंत मी सीझेडएच्या जागी प्लेटच्या पाठीवर लाल मार्करचा ठिपका देते.