कमी खर्चात बेसबॉल: यांकी स्टेडियम, सिटी फील्ड की ब्रिजवॉटर?

न्यू जर्सीत एडिसन-इझलिनपासून ब्रिजवॉटरपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना बेसबॉलची गेम बघायची तर तीन सोयीचे पर्याय आहेत: ब्राँक्समधलं यांकीज संघाचं यांकी स्टेडियम, क्वीन्समधलं मेट्स संघाचं सिटी फील्ड आणि घराजवळचं ब्रिजवॉटरचं टीडी बँक बॉलपार्क, म्हणजे समरसेट पेट्रियट्सचं मैदान. पहिली दोन मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीची. पेट्रियट्स मायनर लीगमध्ये डबल-ए पातळीवर, म्हणजे मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली, खेळतात आणि 2021 पासून यांकीजशी जोडलेले आहेत. नुसते तिकिटांचे आकडे शेजारी ठेवले तर तिन्हींत फार फरक दिसत नाही, आणि तिथेच अंदाज चुकतो. चौघांच्या कुटुंबाचा जवळजवळ निम्मा खर्च तिकिटाबाहेर होतो: ट्रेन किंवा पार्किंग, पुलांचे टोल, आतलं खाणं.

आमचं मत आधीच सांगतो. लहान मुलं किंवा भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील आणि बेसबॉलची पहिलीच ओळख असेल, तर ब्रिजवॉटर. मेजर लीगच बघायची असेल, तर मधल्या वारची सिटी फील्डची गेम. यांकी स्टेडियमला जरूर जावं, पण यांकीजच बघायचे असतील तर. नुसती कोणतीही मोठी गेम हवी असेल, तर तिथे जादा पैसे मोजायचं कारण नाही.

तिकीट स्वस्त कधी पडतं

मेजर लीगचा प्रत्येक संघ हंगामात 162 गेम खेळतो, त्यातल्या 81 घरच्या मैदानावर. यांकी स्टेडियमची क्षमता साधारण साडेसेहेचाळीस हजार, सिटी फील्डची बेचाळीस हजारांच्या आसपास. इतक्या खुर्च्या 81 वेळा भरणं सहसा जमत नाही. एप्रिल-मे महिन्यातली मंगळवार-बुधवारची संध्याकाळ आणि समोर फारसा नावाजलेला नसलेला पाहुणा संघ असेल, तर सिटी फील्डच्या वरच्या मजल्याचं तिकीट दहा-वीस डॉलरमध्येही मिळून जातं. अशाच दिवशी यांकीजचं तिकीट त्याहून पाच-दहा डॉलर जास्त धरा. याउलट यांकीजचे जुने प्रतिस्पर्धी बॉस्टन रेड सॉक्स आले, यांकीज विरुद्ध मेट्स अशी गेम असली, शनिवार असला किंवा प्रेक्षकांना खेळाडूची बाहुली फुकट वाटणार असले, की तीच खुर्ची दुप्पट-तिप्पट दराने जाते.

एप्रिलच्या तिकिटाला थंडीची किंमत जोडलेली असते. रात्री नऊला वरच्या मजल्यावर वारा अंगात शिरतो, आणि आठ-दहा अंश तापमानात ज्येष्ठ माणसं तिसऱ्या इनिंगलाच (नऊ डावांपैकी तिसऱ्या) घरी जायचं म्हणतात. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी मेच्या शेवटापर्यंत थांबावं, नाहीतर सप्टेंबरमधली मधल्या वारची गेम गाठावी. तेव्हा शाळा सुरू झालेल्या असतात आणि गर्दी ओसरते.

मे 2025 पासून अमेरिकेत तिकीट विकणाऱ्यांना सगळ्या फीसकट पूर्ण किंमत सुरुवातीलाच दाखवावी लागते. त्यामुळे संघाचं अधिकृत ॲप, सीटगीक, स्टबहब आणि टिकपिक यांचे आकडे आता थेट शेजारी ठेवता येतात. चारही उघडा, तोच सेक्शन आणि जवळपासची रांग शोधा आणि शेवटचा आकडा बघा. मागणी कमी असलेल्या गेमला फेरविक्रीचे दर गेमच्या दिवशी दुपारनंतर उतरतात, कारण पहिला चेंडू पडल्यावर न विकलेल्या तिकिटाची किंमत शून्य होते. दोघं जात असाल तर थांबून बघायला हरकत नाही. चार-पाच जागा शेजारी-शेजारी हव्या असतील तर थांबू नका: शेवटी उरतात त्या सुट्या जोड्या.

तिकीट फोनवरच असतं. स्क्रीनशॉट दारावर चालत नाही, आणि गेटपाशी हजारो माणसं एकाच वेळी इंटरनेट वापरत असल्याने ॲप उघडता उघडत नाही. घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. आई-बाबांच्या फोनला अमेरिकेचा नंबर नसेल, तर सगळी तिकिटं एकाच फोनवर ठेवून सगळ्यांनी एकत्र आत जावं.

जाण्या-येण्याचा हिशोब

एडिसनहून न्यूयॉर्क पेन स्टेशनचं एका बाजूचं भाडं माणशी पंधरा डॉलरच्या आसपास आहे. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार पहाटेपर्यंत प्रत्येक मोठ्या माणसाबरोबर 11 वर्षांपर्यंतची दोन मुलं फुकट जातात. मधल्या वारी 5 ते 11 वयाच्या मुलांना निम्मं भाडं पडतं. पुढे सबवेचे माणशी साधारण तीन डॉलर, आणि 44 इंचांपर्यंत उंचीची मुलं फुकट. म्हणजे दोन मोठे आणि सहा व नऊ वर्षांची दोन मुलं शनिवारी ट्रेनने गेली, तर जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी डॉलर, आणि मधल्या वारी त्यावर आणखी तीस.

आता गाडी. सिटी फील्डला गोथल्स पुलावरून स्टेटन आयलंड आणि पुढे व्हेराझानो पूल. गोथल्सचा टोल न्यूयॉर्ककडे जातानाच लागतो, व्हेराझानोचा जाता-येता दोन्ही वेळा. इझी-पास असला तरी दोन्ही मिळून तीस ते चाळीस डॉलर जातात. स्टेडियमचं पार्किंग चाळीसच्या घरात किंवा वर. पेट्रोल धरून ट्रेनइतकाच आकडा येतो. यांकी स्टेडियमला जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून गेलात तर टोल एकदाच, त्यात टर्नपाइकचे थोडे, पण पार्किंग तितकंच महाग. चौघं असतील तर गाडी पैशांनी थोडी स्वस्तही पडू शकते. तोटा वेळेचा आहे: गेम सुटल्यावर पार्किंगच्या इमारतीतून बाहेर पडायलाच अर्धा-पाऊण तास लागतो, आणि जाताना संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास त्या पुलांवर काय होतं हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एकटं किंवा दोघं असाल तर ट्रेनच घ्या.

यांकी स्टेडियमचं सबवे स्टेशन 161 स्ट्रीट, स्टेडियमच्या दारातच. पेन स्टेशनहून एक ब्लॉक पूर्वेला हेरल्ड स्क्वेअरवर या आणि डी गाडी घ्या. बी गाडी शनिवार-रविवारी धावत नाही. ग्रँड सेंट्रलकडून येणाऱ्यांना 4 नंबरची गाडी सगळ्यात बिनघोर. सिटी फील्डला टाइम्स स्क्वेअरहून 7 नंबर, उतरायचं मेट्स-विलेट्स पॉइंटला. पेन स्टेशनवरूनच लाँग आयलंड रेल रोडची गाडी घेतली तर वीसेक मिनिटांत पोचता. सबवेपेक्षा दोन-पाच डॉलर जास्त पडतात, पण ज्येष्ठांचा जिना आणि गाडी बदलणं वाचतं, म्हणून त्यांच्याबरोबर असताना आम्ही हाच मार्ग सुचवू. तिकीट घेताना मशिनवर ‘सिटी तिकीट’ निवडा, नाहीतर पूर्ण भाडं लागतं.

ब्रिजवॉटरला हा सगळा प्रश्नच उरत नाही. एडिसनहून 287 महामार्गाने अर्ध्या तासाच्या आत पोचता. ट्रेननेच यायचं असेल तर रॅरिटन व्हॅली लाइनचं ब्रिजवॉटर स्टेशन मैदानाला लागूनच आहे. मात्र त्या लाइनला बहुतेक वेळा न्यूअर्कला गाडी बदलावी लागते आणि रात्री गाड्या विरळ असतात, म्हणून परतीची गाडी आधी बघून ठेवा.

खाणं: इथे मोठी मैदानं जिंकतात

ही गोष्ट अनेकांना माहीतच नसते. यांकी स्टेडियम आणि सिटी फील्ड, दोन्हीकडे घरचं खाणं आत नेता येतं. मायनर लीगच्या अनेक मैदानांवर ते चालत नाही, कारण त्या संघांचा बराचसा धंदा खाण्या-पिण्यावरच चालतो. आत हॉट डॉग, सोडा, पाणी घेतलं की माणशी वीस-पंचवीस डॉलर सहज उडतात, आणि हॉट डॉग बहुतेक ठिकाणी बीफचं असतं. शाकाहारी माणसाला प्रेटझेल, फ्राइज, शेंगा, पिझ्झा एवढ्यावरच भागवावं लागतं.

त्यामुळे डबा नेणं हीच मोठी बचत. पण डबा म्हणजे स्टीलचा डबा नको. थेपले किंवा पोळी-भाजीचे रोल पारदर्शक झिपलॉक पिशवीत, प्रत्येकाची पिशवी वेगळी. नुसत्या फॉइलमध्ये गुंडाळलं तर तपासणीला उघडून दाखवावं लागतं. रस्सा, लोणच्याचं तेल, दही असलं काही नको. मांडीवर ठेवून खायचं असतं. सफरचंद अख्खं नेऊ नका, फोडी करून न्या: मैदानात भिरकावता येईल अशी वस्तू अडवली जाते. पाण्याची बाटली प्लॅस्टिकची आणि सील न तोडलेली हवी. धातूची किंवा काचेची बाटली आणि कॅन गेटवरच टाकून द्यावे लागतात. पिशवी मऊ, 16 x 16 x 8 इंचांच्या आत. पाठीवरची सॅक घेऊन जाऊ नका. काही मैदानांवर ती सरळ परत पाठवतात, आणि मग ती ठेवण्यासाठी बाहेर खासगी लॉकरवाल्याला पैसे मोजावे लागतात.

डबा करायचा नसेल तर सिटी फील्डच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. 7 नंबरच्या वाटेवरच जॅक्सन हाइट्स लागतं, तिथे आपलं खाणं हवं तेवढं मिळतं. उतरायचं 74 स्ट्रीटला, पण 7 ची एक्सप्रेस गाडी तिथे थांबत नाही, लोकलच घ्यावी लागते. ब्रिजवॉटरला जाणाऱ्यांनी बालाजी मंदिरात दर्शन घेऊन तिथल्या कँटीनमध्ये पोटभर खाऊन संध्याकाळच्या गेमला यावं. मग आत मुलांच्या आइस्क्रीमपुरताच खर्च उरतो.

जागा आणि दिसतं किती

नवखा माणूस मैदानाच्या जवळची म्हणून आउटफिल्डमधली, म्हणजे मैदानाच्या फलंदाजापासून लांबच्या टोकाची, खालची जागा घेतो आणि पस्तावतो. बेसबॉलची खरी लढत पिचर (चेंडू टाकणारा) आणि बॅटर (फलंदाज) यांच्यात चालते, आणि आउटफिल्डमधून ती शंभरेक मीटर लांब असते. तेवढ्याच पैशांत वरच्या मजल्यावर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागची जागा घ्या: यांकी स्टेडियममध्ये 420 च्या आसपासचे सेक्शन, सिटी फील्डमध्ये 514 च्या आसपासचे. चेंडू आत वळला की बाहेर, क्षेत्ररक्षक कुठे सरकले, धावपटू दुसऱ्या बेसकडे पळायची संधी साधतोय का, हे सगळं तिथून एका नजरेत दिसतं. दुपारच्या गेमला तिथल्या मागच्या रांगांवर छपराची सावलीही येते. यांकी स्टेडियमच्या ब्लीचर्समध्ये (आउटफिल्डमागच्या उघड्या जागांवर) मात्र पाठ नसलेले बाक आणि उघडं ऊन. तरुण मंडळींना 203 सेक्शनमधला आरडाओरडा आवडेल: पहिल्या इनिंगमध्ये तिथले प्रेक्षक एकेका क्षेत्ररक्षकाचं नाव पुकारतात आणि तो हात करेपर्यंत थांबत नाहीत. आई-बाबांना तिथे बसवू नका.

ब्रिजवॉटरला हा विचारच करावा लागत नाही. सहा हजारांच्या आसपास जागा, तिकीट साधारण वीस डॉलर, आणि चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. खेळाची पातळीही कमी समजू नका. यांकीजचा अँथनी व्होल्पी 2022 मध्ये इथेच खेळत होता, पुढच्या वर्षी तो यांकीजचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) झाला. दुखापतीतून सावरणारे यांकीजचे मोठे खेळाडूही अधूनमधून सरावासाठी इथे उतरतात. ती बातमी एक-दोन दिवस आधी येते आणि तिकिटं झपाट्याने जातात. एक काळजी घ्या: प्रेक्षकांसमोरची संरक्षक जाळी जिथे संपते त्याच्या पुढे बसलात तर बाजूला उडालेला फाउल चेंडू जोरात आणि सरळ येतो. तान्हं मूल असेल तर जाळीमागचीच जागा घ्या. मायनर लीगच्या मालिका मंगळवार ते रविवार चालतात, सोमवारी सहसा खेळ नसतो.

चौघांचा एकूण आकडा

शनिवारी, मघाच्याच कुटुंबाचा हिशोब. यांकी स्टेडियम: तिकिटं 140 च्या आसपास, ट्रेन-सबवे 85, डबा घरचा, मुलांसाठी आत काही घेतलं तर 20, म्हणजे 245. सिटी फील्ड: तिकिटं 100, बाकी तेवढंच, 205. ब्रिजवॉटर: तिकिटं 80, आतलं खाणं 50, पार्किंग-पेट्रोल 10 ते 15; 145 च्या आत, आणि मंदिरात जेवून गेलात तर 110. मधल्या वारी मोठ्या मैदानांची तिकिटं उतरतात पण मुलांचं ट्रेनभाडं वाढतं, त्यामुळे मुलं बरोबर असतील तर बचत वाटते तेवढी होत नाही.

यांकीजना हा जादा पैसा द्यायचाच असेल तर पूर्ण वसूल करा. स्टेडियमच्या आतलं मॉन्युमेंट पार्क, जिथे बेब रूथपासूनच्या खेळाडूंचे फलक आहेत, तिकिटातच बघता येतं. पण ते गेमच्या पाऊण तास आधी बंद होतं आणि रांग लांब असते. गेट उघडताच आत शिरा आणि आधी तिकडे जा. संघाचं संग्रहालयही फुकट आहे. 2023 पासून पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकावा म्हणून घड्याळ लावल्यामुळे गेम आता साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपते, म्हणजे सात पाचला सुरू झालेली गेम पावणेदहाच्या सुमारास सुटते आणि एडिसनची ट्रेन आरामात मिळते.

पावसाचं मात्र आधी बघा. गेम पुढे ढकलली गेली तर तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, ते नव्या तारखेला चालतं. अर्ध्यावर थांबवलेली गेम पाच इनिंग पूर्ण झाल्या असतील तर तिथेच संपल्याचं जाहीर होऊ शकतं, आणि मग तिकीट वापरलं गेलं असं धरतात. पाहुण्यांची परतीची विमानं ठरलेली असतील, तर आठवडाभर आधी तिकीट काढून ठेवण्यापेक्षा हवामानाचा अंदाज बघून दोन दिवस आधीच काढा.