केटामाइनच्या आठ महिन्यांनंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. डिप्रेशनच्या गोळ्या चार वर्षं खाल्ल्या. आधी एस्सिटालोप्राम, मग व्हेन्लाफॅक्सिन, जोडीला अ‍ॅरिपिप्राझोल (त्यानं पाय एका जागी ठरेनात, सौदे चालू असताना मी नुसत्या येरझाऱ्या घालायचो), शेवटी लिथियम आणि त्यापायी सारख्या रक्ततपासण्या. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे आठवडे घेऊनही फरक पडला नाही, तर आजार नेहमीच्या औषधांना दाद देत नाही असं धरतात. हे मला चौथ्या वर्षी कळलं. आधीचे डॉक्टर दर खेपेला "अजून एक महिना बघू" एवढंच म्हणायचे. तो राग अजून गेलेला नाही.

मिरजेच्या नव्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या: शॉक किंवा केटामाइन. केटामाइन म्हणजे भुलीचं औषध, अमेरिकेत १९७० पासून मंजूर. इथं ते भुलीपेक्षा बऱ्याच कमी डोसात देतात. नेहमीच्या गोळ्या बहुतेक मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावर चालतात, हे ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाच्या वाटेनं जातं, म्हणून गुण आला तर लवकर येतो. त्याचंच भावंड एस्केटामाइन, त्याचा नाकात मारायचा स्प्रे अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मंजूर झाला. मला मिळालं ते साधं, सलाइनमधलं. डिप्रेशनसाठी त्याला वेगळी मंजुरी नाही, तसं लिहिलेल्या कागदावर सही घेतली. २०२३ साली अमेरिकेत शॉक आणि केटामाइनची तुलना झाली, त्यात केटामाइन कमी पडलं नाही, असंही डॉक्टर म्हणाले. बायकोला 'शॉक नाही' एवढंच ऐकू आलं.

दर किलोला अर्धा मिलिग्रॅम. वजन ७२, म्हणजे ३६ मिलिग्रॅम, ४० मिनिटांत. आठवड्यातून दोनदा, तीन आठवडे. पोट रिकामं, दंडाला बीपीचा पट्टा. दहाएक मिनिटांत जीभ जड झाली. वरच्या पंख्याचं एक पातं वाकडं होतं, त्याची टकटक माझ्या छातीतून यायला लागली. हात समोर दिसत होते, पण ते दुसऱ्या कुणाचे तरी. नर्सचा आवाज स्टेशनवरच्या अनाउन्समेंटसारखा लांबून. दुसऱ्या वेळी तर वाटलं, आता आपण परत येत नाही. नर्सनं मनगट धरून ठेवलं, तेवढा आधार पुरला. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उतरलं, तरी बीपी जागेवर येईपर्यंत सोडलं नाही. गाडी दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायची नाही. भाऊ न्यायला आला होता, विश्रामबागेत त्याच्या गाडीतच ओकलो.

पहिल्या दोन खेपांनी काही झालं नाही. तिसरीच्या दुसऱ्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "आमटी अळणी झालीय." बायकोनं पळी खाली ठेवली. दोन वर्षांत मी जेवणाला ना नावं ठेवली होती, ना बरं म्हटलं होतं. तिनं तिथूनच माझ्या बहिणीला विट्याला फोन लावला, "ताई, अहो, हे भांडायला लागले!"

आनंद वगैरे काही आला नाही, तशी आशा धरून कुणी जाऊ नये. सकाळी दहाच्या आत आंघोळ व्हायला लागली. मरणाचे विचार मागं सरले, गेले म्हणणार नाही. दोन महिन्यांची तुंबलेली पट्टी (शेतकऱ्यांच्या मालाचा हिशेब) मी एका बैठकीत लिहून काढली.

पण हे टिकत नाही. सहा खेपा झाल्या आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा घसरलो. आता महिन्याला एक लागते, गोळी चालूच आहे. पावसाळ्यात एक खेप चुकली. लोक आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी बघायला गर्दी करत होते आणि मी अंथरुणात, तोंड भिंतीकडं करून. शिवाय फार काळ, फार वेळा घेतलं तर मूत्राशयाला त्रास होऊ शकतो, त्यामुळं डॉक्टर दर वेळी लघवीचं विचारतात. भाऊ शेजारी असला तरी विचारतात.

खर्चाचं म्हणाल तर औषध स्वस्त, खाट महाग. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं असं २०१७ चा कायदा सांगतो. माझा क्लेम मात्र परत आला, कारण काय तर दवाखान्यात रात्र काढली नाही. दुसऱ्यांदा अर्ज केलाय, सगळ्या पावत्या तारखेवार लावून. दिवाणजीशी गाठ आहे म्हटलं.

पुढची खेप गुरुवारी आहे. भावानं रजा टाकलीय, आणि गाडीत प्लॅस्टिकची बादली ठेवलीय.