डाकारमधलं खोटं बारसं

सेनेगलला जाणार असाल तर राजधानी डाकारमधली ही एक युक्ती आधीच माहीत असलेली बरी. यात कुणी खिसा कापत नाही की दमदाटी करत नाही. आपला भिडस्त स्वभाव मात्र पुरेपूर वापरून घेतात.

प्लास द लांदेपांदांस या मुख्य चौकातून पॉम्पिदू रस्त्याने सांदागा बाजाराकडे निघालो होतो. समोरून येणारा एक माणूस मला पाहून थबकला आणि एकदम खुलला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ओळखलं नाही? हॉटेलवर भेटलो की! सिक्युरिटीला असतो मी. आज सुट्टीवर आहे." हॉटेलच्या दारावर रोज चार-पाच चेहरे दिसतात, सगळे कुठे लक्षात राहतात? मी आपलं विचारलं, "अमुक हॉटेलवर?" तो म्हणाला, "हो, तिथेच!" सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. हॉटेलचं नाव त्याने घेतलंच नाही, ते मी पुरवलं. भारतीय आहे म्हटल्यावर लगेच शाहरुख खान आणि अमिताभ. यात मात्र खोटं काही नव्हतं. हिंदी सिनेमाचं वेड तिथे खरोखरच आहे, त्यामुळे संशय यायला जागाच राहत नाही.

सुट्टी का, तर घरी मुलगा झालाय, आज नाव ठेवायचं आहे. त्याने कवड्यांची एक माळ माझ्या हातात कोंबली. "भेट आहे, पैसे नकोत. आजच्या दिवशी नाही म्हणू नका, बाळाला बरं नसतं." आता सांगा, बारशाच्या घरचं काही नको म्हणायला आपली जीभ रेटते का? आणि घेतलं की रिकाम्या हाताने निघणंही जमत नाही. तेवढ्यात एक 'चुलतभाऊ' उगवला. बोलता बोलता आम्ही मुख्य रस्ता सोडून गल्लीत कधी वळलो ते कळलं नाही.

तिथे सूर बदलला. पाहुण्यांसाठी तांदळाचं पोतं घ्यायचंय, काहीतरी मदत करा. मी दोन हजार सेफा (तिथलं चलन) काढायला पाकीट उघडलं आणि दहा हजारांची नोट त्याला दिसली. "ती द्या, समोरच्या दुकानातून सुट्टे आणतो." नोट घेऊन तो गेला. चुलतभाऊ मात्र माझ्याशी गप्पा मारत उभा राहिला, म्हणजे मी निर्धास्त. थोड्या वेळाने तोही म्हणाला, "एवढा का वेळ लागला, बघून येतो." झालं! सेफा फ्रँक युरोला बांधलेला आहे, एका युरोला ६५५.९५७. म्हणजे गेले साधारण पंधरा युरो. रक्कम फार नाही, पण पाकिटात मोठी नोट वेगळी न ठेवणाऱ्याला ती किती होईल याचा नेम नाही.

हॉटेलवर सांगितलं तर रिसेप्शनवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "एकच मूल होतं की जुळं?" जुळं असलं की मागणी वाढते म्हणे.

युक्ती चालते कारण तिच्यामागची रीत अस्सल आहे. तिथल्या वोलोफ भाषेत नामकरणाला 'न्गेंते' म्हणतात, ते आठव्या दिवशी होतं. बाळाचं जावळ काढतात, इमाम कानात नाव सांगतो, ऐपतीप्रमाणे मेंढा कापतात आणि सकाळी दह्यासोबत बाजरीची लाख खायला देतात. 'लाख' हे त्या खिरीचंच नाव, आकड्याशी संबंध नाही. ओळखीच्या घरून असं बोलावणं आलं तर अवश्य जा, काहीतरी भेट न्या. पण रस्त्यात गाठून कुणी बारशाचा तांदूळ मागत नाही. कुणी "ओळखलं नाही?" म्हणालं तर हॉटेलचं नाव त्यालाच विचारा आणि हातात दिलेली वस्तू तिथल्या तिथे परत करा.

पण म्हणून सगळ्यांकडेच तोंड वळवून चालू लागू नका. सेनेगलमध्ये नमस्काराला उत्तर न देणं हा उद्धटपणा समजतात, आणि रस्त्यावर सलाम करणारे बहुतेक लोक खरंच फक्त सलाम करत असतात. "सलाम अलेकुम" ला "मालेकुम सलाम" म्हणा, "नांगा देफ" (कसे आहात?) ला "मांगी फी रेक" (बरा आहे) म्हणा, पण पाय थांबवू नका. फारच मागे लागला तर "बा बेनेन योन", म्हणजे पुन्हा कधीतरी. हे हसून म्हटलं की विक्रेतेही बहुधा सोडतात. देणंघेणं उजव्या हाताने करा.

बाकीच्या गोष्टी किरकोळ. पिवळ्या-काळ्या टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधीच भाडं ठरवा आणि सांगितलेल्या आकड्यावर खुशाल घासाघीस करा, त्यात कुणाला राग येत नाही. लहान मिनीबसने फिरलात तर गंमत म्हणजे त्यातल्या पुष्कळशा टाटाच्याच आहेत. पाचशे-हजाराच्या नोटा जपून ठेवा, सुट्ट्यांची तिथे कायम चणचण असते. आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी पिवळ्या तापाची लस घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात परतताना विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

डाकारसमोरच्या गोरे बेटाच्या फेरीबोटीवर अजून एक मासला भेटेल. वीसेक मिनिटांच्या त्या प्रवासात एखादी दुकानदार बाई शेजारी येऊन बसते, नाव-गाव विचारते, स्वतःचं नाव पाठ करून घेते आणि उतरताना "माझ्या दुकानात येणार ना?" असं वचन मागते. यात फसवणूक नाही, तो तिचा धंदा आहे. पण भिडेपोटी "बघू" म्हणालात, तर बेटावरचं 'गुलामांचं घर' हे संग्रहालय बघून बाहेर पडताच ती तुम्हाला नावाने हाक मारेल. घ्यायचं नसेल तर बोटीवरच तसं सांगून टाका.